पुढच्यास ठेच, पण मागच्याला सांगणार कोण?

१ डिसेंबर १९७४ च्या सकाळी टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७२७ विमान, फ्लाइट क्रमांक ५१४, वॉशिंग्टनजवळच्या एका डोंगरावर आदळलं. विमानातले सगळेच्या सगळे ९२ जण गेले. वारा फार होता म्हणून विमान डलेस विमानतळाकडे वळवलं होतं. ढग खाली उतरले होते. हवाई वाहतूक नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली, आणि त्या परवानगीचे दोन अर्थ निघाले. नियंत्रकाच्या लेखी उंची सांभाळण्याची जबाबदारी आता वैमानिकांची होती. वैमानिकांना वाटलं, खाली डोंगर असता तर नियंत्रकाने अडवलं असतं. ते १८०० फुटांकडे उतरू लागले.

चौकशीत पुढे आलेली दुसरी गोष्ट मला अपघाताहून अधिक अस्वस्थ करते. साधारण सहाच आठवडे आधी, त्याच विमानतळाकडे येताना, त्याच गैरसमजातून युनायटेड कंपनीचं एक विमान असंच खाली आलं होतं आणि थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी प्रामाणिकपणे आपल्या कंपनीला कळवलं. कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत मात्र ती गोष्ट गेली नाही. ते दुसऱ्या कंपनीचे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण सहज म्हणून जातो. पण ही म्हण पायवाटेवरची आहे. तिथे पुढचा माणूस मागच्याला दिसतो, त्याचं कळवळणं ऐकू येतं. विमानं, अणुभट्ट्या, क्षेपणास्त्रं, विषाणू, संगणक यांच्या जगात पुढचा दिसतच नाही. त्याला ठेच लागली हे त्याने तोंडाने सांगितलं तरच कळायचं, आणि सांगण्यात त्याचं नुकसान ठरलेलं: नोकरी जाते, कंपनीचा भाव पडतो, देशाची अब्रू जाते. माझं म्हणणं असं की, आजची सार्वजनिक सुरक्षितता यंत्रांच्या दर्जावर जितकी टिकून आहे, त्याहून अधिक ती ठेच लागलेल्याला तोंड उघडणं परवडतं का यावर टिकून आहे. आणि देशादेशांतलं राजकारण नेमकं तेच परवडू देत नाही.

विमानवाल्यांनी यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, १९७५ मध्ये आवाहन केलं: चुका कळवा, शिक्षा करणार नाही. वैमानिकांचा विश्वास बसेना. परवाना काढून घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यापुढेच जाऊन चूक कबूल करायची? फौजदारापाशी मन मोकळं करायला कोण जातो? तेव्हा १९७६ मध्ये हे काम नासाकडे सोपवलं. नासाला विमानांतलं कळत होतंच, पण खरी पात्रता वेगळी होती: कुणाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार नासाला नव्हता. पद्धत साधी. वैमानिकाने, नियंत्रकाने किंवा तंत्रज्ञाने काय घडलं ते लिहून पाठवायचं. नाव-पत्ता अर्जाच्या एका वेगळ्या पट्टीवर. ती पट्टी शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत जाते, नासाकडे नाव उरतच नाही. दहा दिवसांच्या आत कळवलेलं असेल तर अनवधानाने झालेल्या चुकीपायी एफएए परवाना निलंबित करत नाही. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना हे संरक्षण नाही. आजवर असे दहा लाखांहून कितीतरी अधिक अहवाल जमले आहेत, आणि त्यातले बहुतेक न घडलेल्या अपघातांचे आहेत.

ती कागदाची पट्टी लक्षात ठेवावी. मला ती ब्लॅक बॉक्सइतकीच मोलाची वाटते. ब्लॅक बॉक्स माणसं मेल्यावर बोलतो.

जाता जाता: कारखान्यांच्या दारावर 'इतके दिवस एकही अपघात नाही' असा आकडा मिरवणारा फलक असतो ना, तो पाहिला की मला धास्ती वाटते. तो आकडा पुन्हा शून्यावर आणणारा माणूस व्हायला कुणालाच आवडत नसणार. मग चिरडलेलं बोट 'घरी लागलं' म्हणून नोंदलं जातं.

आता हाच फलक देशाच्या दारावर लावलेला कल्पून बघा.

२९ सप्टेंबर १९५७. उरल पर्वताच्या पूर्वेला मायाक नावाच्या गुप्त सोव्हिएत कारखान्यात, किरणोत्सारी कचऱ्याच्या एका टाकीची शीतन व्यवस्था बिघडून टाकीचा स्फोट झाला. किरणोत्सारी ढग शेकडो किलोमीटर पसरला. दहा हजारांवर माणसं पुढच्या महिन्यांत हलवली गेली, त्यांतल्या बहुतेकांना कारण न सांगता. पाचच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, त्याच देशाने स्पुटनिक सोडला आणि त्याची बीप-बीप जगभरच्या रेडिओंवर ऐकू आली. आणखी सहा दिवसांनी, १० ऑक्टोबरला, ब्रिटनमधल्या विंडस्केल इथे अणुभट्टीला आग लागल्याचं लक्षात आलं. बारा दिवसांत तीन घटना. जगाला त्यांतली यशाची तेवढी संपूर्ण ऐकवली गेली.

विंडस्केलची आग लपणं शक्य नव्हतं, कारण आसपासच्या शेकडो चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. पण विल्यम पेनी यांचा चौकशी अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दडपला. अमेरिकेशी अण्वस्त्र सहकार्याची बोलणी ऐन रंगात होती. अशा वेळी आपलं घर किती गळतंय हे अमेरिकी काँग्रेसला दिसायला नको होतं. पूर्ण अहवाल ३० वर्षांनी, १९८८ मध्ये बाहेर आला. मायाकची कथा तर आणखी बोधप्रद. सोव्हिएत सरकार गप्प होतं ते समजण्यासारखं. पण अमेरिकेच्या सीआयएला काही वर्षांतच त्या स्फोटाची कुणकुण लागली होती, आणि शत्रूची एवढी मोठी फजिती हाती असूनही ती चव्हाट्यावर आणली गेली नाही. १९७६ मध्ये परागंदा सोव्हिएत शास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी लिहिलं तेव्हा ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनीच ती गोष्ट उडवून लावली. मॉस्कोने अधिकृत कबुली दिली १९८९ मध्ये. म्हणजे कितीतरी वर्षं दोन्ही बाजूंनी आळीमिळी गुपचिळी. यामागे प्रत्येकाचा हेतू काय होता ते प्रत्येकाला ठाऊक. पण शत्रूची अणुदुर्घटना सांगितली तर लोक आपल्या अणुभट्टीकडेही संशयाने पाहतील, ही भीती त्यात नसेल असं मला वाटत नाही.

लोकशाहीत मोकळेपणा आणि हुकूमशाहीत लपवाछपवी, हा सोपा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. हुकूमशाहीत लपवाछपवी जास्त, हे खरं. तिथे मेलेल्यांची संख्याही जास्त, हेही खरं. पण रोग एकच आहे.

२४ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून बसली. थंड करणारं पाणी त्यातून निघून जात होतं, पण मापकांवरून उलटाच समज होत होता, म्हणून चालकांनी आपत्कालीन पाणी बंद केलं. भट्टी तेव्हा अगदी कमी शक्तीवर चालू होती. वेळेत लक्षात आलं, निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्याच एका अभियंत्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये लेखी इशारा दिला की हेच पूर्ण शक्तीवर घडलं तर भट्टीचा इंधन असलेला गाभा पाण्याबाहेर उघडा पडेल, चालकांना नव्या सूचना द्या. तो कागद कंपनीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. २८ मार्च १९७९ ला थ्री माइल आयलंड इथे, त्याच कंपनीच्या भट्टीत, तशीच झडप तशीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा 'बंद' सांगत होता, कारण तो झडप बंद झाली का हे दाखवतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला एवढंच त्याला कळत होतं. चालकांनी तेच केलं जे डेव्हिस-बेसच्या चालकांनी केलं होतं. झडप दोन तासांहून जास्त काळ उघडी राहिली आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

आता सीमेपलीकडे या. ३० नोव्हेंबर १९७५ रोजी लेनिनग्राड अणुवीज केंद्रात, पुढे चेर्नोबिलमध्ये होती त्याच जातीच्या आरबीएमके भट्टीत, गाभ्याचा काही भाग खराब झाला होता. १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात चाचणीच्या वेळी लक्षात आलं की भट्टी थांबवण्यासाठी नियंत्रक दांडे आत घातले की सुरुवातीचे काही क्षण शक्ती कमी होण्याऐवजी वाढते, कारण दांड्यांच्या टोकाशी ग्राफाइट होतं. गाडीचा ब्रेक दाबला की आधी वेग वाढतो, असा हा प्रकार. ज्यांना कळायला हवं होतं त्यांतल्या वरच्यांना तो कळला. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलच्या नियंत्रण कक्षात ज्यांनी भट्टी थांबवण्याचं बटण दाबलं त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी नियम मोडले होते, भट्टी भलत्याच अवस्थेत नेली होती, यात वाद नाही. पण आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाचा १९८६ चा अहवाल मुख्यतः चालकांना दोष देऊन मोकळा झाला, आणि १९९२ मध्ये त्याच गटाला तो सुधारून भट्टीच्या रचनेवर आणि व्यवस्थेवर बोट ठेवावं लागलं. मधल्या सहा वर्षांत काही माणसं तुरुंगात जाऊन आली होती.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. एकीकडे बाजार होता, दुसरीकडे पक्ष. ठेच दोन्हीकडे लागली होती, दोन्हीकडे ती कुठेतरी लिहून ठेवलेली होती, आणि दोन्हीकडे ती बटणासमोर बसलेल्या माणसापर्यंत पोचली नाही. चेर्नोबिलच्या स्फोटाची बातमीसुद्धा जगाला दोन दिवसांनी कळली, तीही मॉस्कोकडून नव्हे. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात २८ एप्रिलला किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजू लागली, आणि आपल्याच भट्टीत गळती आहे की काय म्हणून तिथे शोधाशोध झाली. मॉस्कोने त्या संध्याकाळी तोंड उघडलं. वाऱ्याला सीमा कळत नाही हे इतकं ढळढळीत दिसल्यावर मात्र चक्रं फिरली: काही महिन्यांत अणु-अपघाताची तातडीने सूचना देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९८९ मध्ये अणुवीज केंद्र चालवणाऱ्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं, तरी मॉस्को आणि अटलांटा अशी तिची कार्यालयं उघडली आणि एकमेकांच्या केंद्रांची एकमेकांनी तपासणी करण्याची प्रथा पडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ज्यांचं ब्रीद, त्यांनाही मूठ उघडावी लागली. फक्त आधी एक शहर रिकामं व्हावं लागलं.

अण्वस्त्रांच्या बाबतीत शहर रिकामं होण्याची वाट पाहता येत नाही, एवढाच फरक.

२६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्री सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं सांगितलं. लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तर्क केला की युद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करणार नाही, आणि इशारा खोटा असल्याचं वर कळवलं. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांनी ज्वाळा समजून घेतला होता. ही गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे आणि ती एका शहाण्या माणसाची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. चौकशीत पेत्रोव्ह यांना बोल लागला, त्या काही मिनिटांत त्यांनी नोंदवही नीट भरली नाही म्हणून. त्यांना बक्षीस देणं म्हणजे यंत्रणा सदोष होती हे मान्य करणं, आणि मग ती बनवणाऱ्या बड्या लोकांचं काय? जगाला हे सगळं कळलं सोव्हिएत संघ मोडल्यावर.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावासाठी तयार केलेला हल्ल्याचा देखावा खऱ्या इशारा यंत्रणेत शिरला. पुढच्या जूनमध्ये ४६ सेंट किमतीची एक चिप बिघडून शेकडो, हजारो क्षेपणास्त्रं येत असल्याचे आकडे पडद्यावर झळकले. फरक इतकाच की तिथे वर्तमानपत्रं होती, गोष्ट फुटली, काँग्रेसमध्ये प्रश्न विचारले गेले, दुरुस्ती झाली. पण या ठेचा एकमेकांना सांगण्याची सोय दोघांकडेही नव्हती. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली १९६३ ची ती गाजलेली हॉटलाइन होती. लाल फोन वगैरे नव्हे, साधं टेलिप्रिंटर यंत्र. ती आग लागल्यावर घंटा वाजवायला. आग कुठे लागता लागता राहिली हे सांगायला नाही.

बरं, सांगण्याची सोय झाली तरी काम संपत नाही. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन अग्निबाण उडाला. नॉर्वेने रशियासकट अनेक देशांना आधी कळवलं होतं. पण ती सूचना रशियाच्या रडारवर बसलेल्यांपर्यंत गेलीच नाही. त्यांना तो पाणबुडीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखा दिसला, आणि अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रं सोडण्याचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली. मैत्रीच्या काळात, आगाऊ सूचना दिलेली असताना. डेव्हिस-बेसचा तो कागद आणि नॉर्वेची ही सूचना, दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

आणि जिथे सूचनेचा करारच अपुरा आहे तिथे काय होतं? ९ मार्च २०२२ रोजी भारतातून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. स्फोटकाग्र नव्हतं, कुणी मेलं नाही. भारताने जाहीर कबुली दिली ११ तारखेला, पाकिस्तानी लष्कराने पत्रकार परिषद घेतल्यानंतर. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. दोन्ही देशांत क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार आहे, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता, आणि ब्राह्मोस क्रूझ जातीचं. शिवाय चुकून सुटलेल्याची पूर्वसूचना कोण देणार! अशा वेळी पहिल्या काही मिनिटांत 'आमची चूक झाली' हे तीन शब्द कुणी, कुणाला, कोणत्या तारेवरून सांगायचे हे आधी लिहून ठेवलेलं असायला हवं. घटना घडल्यावर कबुलीचा मसुदा कुणी मंजूर करायचा यावर फायली फिरू लागल्या तर ती कबुली उशिराच येणार.

इथे हमखास आक्षेप येतो: शत्रूला आपल्या त्रुटी सांगायच्या, हा भाबडेपणा नाही का? काही बाबतीत आहे. क्षेपणास्त्र कुठे आहे, संकेत काय आहेत, हे कुणी सांगू नये. पण ढगांवरचा प्रकाश उपग्रहाला ज्वाळेसारखा दिसतो, ही माहिती शत्रूकडे असण्यात माझाच फायदा आहे. त्याचा उपग्रह फसला तर मरणार मी. आपल्या यंत्रणेचा दुबळेपणा आणि सगळ्यांच्या यंत्रणांचा दुबळेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरकारं दोन्हींवर एकच शिक्का मारतात, 'गोपनीय', कारण शिक्का मारणाऱ्याला जास्त झाकल्याबद्दल कधी शिक्षा होत नाही.

संगणकाच्या कुलपांचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोजमधली एक फट सापडली होती. ती कंपनीला सांगून बुजवून घेण्याऐवजी संस्थेने ती स्वतःच्या हेरगिरीसाठी ठेवून घेतली. पुढे संस्थेची हत्यारंच चोरीला गेली. मार्च २०१७ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये चोरांनी ते हत्यार जगजाहीर केलं, आणि १२ मेला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच फटीतून दीडशेच्या वर देशांत शिरला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुरुस्ती न बसवणाऱ्यांचाही दोष होताच. पण शेजाऱ्याच्या घरावर पाळत ठेवता यावी म्हणून गावातल्या सगळ्याच कुलपांतला दोष गुपित ठेवायचा, आणि आपलं घरही त्याच कुलपाने बंद करायचं, याला सुरक्षा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सर्वांत मोठा अन्याय मात्र रोगराईच्या बाबतीत होतो, कारण तिथे खरं सांगणाऱ्याला जग उघडउघड शिक्षा करतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार गंभीर साथीची शक्यता दिसली की देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा बदललेला प्रकार ओळखला. २४ तारखेला संघटनेला कळवलं, जनुकीय माहिती जगासाठी खुली केली. २६ तारखेला त्याचं ओमायक्रॉन असं नामकरण झालं, आणि तोवर ब्रिटन, पाठोपाठ युरोप, अमेरिका यांनी दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजाऱ्यांची विमानं बंद करायला सुरुवात केली होती. नंतर कळलं की नेदरलँड्समधल्या १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही तोच विषाणू होता, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने कळवण्याच्या आधीच तो युरोपात पोचलेला होता. सापडला त्याच्या कपाळी शिक्का बसला नाही, सांगितलं त्याच्या कपाळी बसला. पुढच्या साथीत, पर्यटनावर पोट असलेल्या एखाद्या छोट्या देशाचा आरोग्यमंत्री प्रयोगशाळेचा अहवाल हाती घेऊन काय विचार करेल? 'अजून एकदा तपासून पाहू' असंच म्हणेल. आठवडाभर तपासेल. आणि त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नसेल.

विषाणूचा नमुना देणाऱ्याला बदल्यात काय, हा वादही जुनाच. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं: विषाणू आमचा, लस तुमची, आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसं? तेव्हा जगाने इंडोनेशियाला बेजबाबदार म्हटलं. निम्मं खरंही होतं. पण २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती देवाणघेवाणीची चौकट बनवावी लागली ती त्या हटवादीपणामुळेच. मे २०२५ मध्ये महासाथ करार मंजूर झाला, तेव्हाही नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचं कलम पुढच्या वाटाघाटींसाठी मागे ठेवावं लागलं. सगळं ठरलं, कळवणाऱ्याला काय मिळणार तेवढं राहिलं. माझ्या मते बरोबर उलटं करायला हवं होतं: साथ प्रथम कळवणाऱ्या देशाला त्यापायी होणाऱ्या नुकसानीची भरपाई आधी ठरवायची, बाकीची कलमं मागून.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल भीती घालणारं आणि भुरळ पाडणारं इतकं लिहिलं जातंय की त्यात भर घालायची इच्छा नाही. मला एकच विचारायचं आहे: तिथे ती कागदाची पट्टी कुठे आहे? एखादं प्रारूप (मॉडेल) चाचणीत भलतंच वागलं, धोकादायक काहीतरी सांगून बसलं किंवा त्याच्यावरचा अंकुश निसटला, तर ते ज्याने पाहिलं त्याने कुणाला सांगायचं? काही कंपन्या आपल्या चाचण्यांचे अहवाल छापतात, हे चांगलंच आहे. पण काय छापायचं ते त्याच ठरवतात. युरोपीय संघाच्या कायद्यात गंभीर घटना कळवण्याचं बंधन आलं आहे. पण घटना म्हणजे घडलेली. थोडक्यात हुकलेल्याचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला भरलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ता परिषदेत अमेरिका आणि चीन या दोघांनीही एकाच घोषणापत्राला मान्यता दिली, याचं तेव्हा फार कौतुक झालं. आज दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो, शर्यत. शर्यतीत ठेच लागली तर कुणी थांबून मागच्याला सांगत नाही, उलट तो त्याच दगडावर आपटला तर बरंच. १९५७ मध्ये मॅकमिलन यांनी जो हिशेब केला तोच हा आहे. म्हणून मला नियमांच्या जाड पुस्तकाआधी एक नासा हवी आहे: जिच्या हाती परवाना नाही, जिला निकाल विकायचे नाहीत, जी कुठल्याही कंपनीतल्या आणि शक्य तर कुठल्याही देशातल्या अभियंत्याचा कागद घेईल, नावाची पट्टी परत करेल, आणि उरलेला मजकूर सगळ्यांना वाटेल.

मग दोषी सुटतील त्याचं काय, असं विचारणारे बरोबर विचारतात. चूक करणारा आणि चूक दडवणारा यांना एकाच मापाने मोजणं हाच मूळ घोटाळा आहे, आणि विमान क्षेत्रही त्यातून सुटलेलं नाही. बोइंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली बसवली होती. ती चालू होण्यासाठी एकाच संवेदकाचं सांगणं पुरे होतं, आणि वैमानिकांच्या हस्तपुस्तिकेत तिची माहितीच नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात, मार्च २०१९ मध्ये इथिओपियात, मिळून ३४६ माणसं गेली. पहिल्या अपघातानंतर साडेचार महिने विमानं उडतच होती. पहिल्या अपघातातल्या वैमानिकांना त्या प्रणालीबद्दल काही माहीत नव्हतं. ज्यांना होतं त्यांच्यासाठी ती पट्टी परत करण्याची गरज नाही.

आणि शत्रू कधीच सांगणार नाहीत, या आक्षेपाचं काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये, युक्रेनमधलं युद्ध ऐन भरात असताना, रशियाने न्यू स्टार्ट या अमेरिकेबरोबरच्या अण्वस्त्र-मर्यादा करारातला आपला सहभाग स्थगित केला. त्या करारात एकमेकांच्या तळांवर वर्षाला १८ पर्यंत तपासण्या करण्याची सोय होती. त्या करोनापासून बंदच होत्या, आता सुरू होण्याची आशाही गेली. पण त्याच वेळी रशियाच्या परराष्ट्र खात्याने एक वाक्य जोडलं: बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सोडण्याआधी अमेरिकेला सूचना देण्याचा १९८८ चा करार आम्ही पाळत राहू. एकमेकांचे राजनैतिक अधिकारी हाकलून झाले होते, एकमेकांना शिव्या देऊन झाल्या होत्या. तेवढी एक सूचना मात्र कुणालाच बंद करायची नव्हती. १९९५ मध्ये ती पेटी उघडली गेली तेव्हा मॉस्कोत हजर असलेलं कुणीतरी अजून खात्यात असावं.